खंडेनवमीचं कुंकू

१४ सप्टेंबर, रविवार

यामिनी न जेवता गेली. ताट वाढलेलं होतं. आमटीवर पापुद्रा धरेपर्यंत मी त्या ताटासमोर बसून होतो.

विमानतळाच्या गेटपाशी महिन्यातून एका रविवारी काही माणसं फलक घेऊन उभी राहतात. अमेरिकन सैनिकांची विमानं इथे शॅननला तेलपाण्याला उतरतात, त्याविरुद्ध. यंदापासून तीही जाते. तिथूनच भिजून आली होती. लिमरिकला शिकते, मैत्रिणींबरोबर राहते, पण घरी आली की आधी देवाला नमस्कार. आम्ही कधी सांगितलेलं नाही, तिचं तीच करते. आजही केला. मग उदबत्तीकडे बघत राहिली. उदबत्तीकडे नाही — ती ज्यात उभी केलेली आहे त्या नळीकडे.

बोटाएवढी पोलादी नळी. माझ्या ग्राइंडिंग मशीनवर चाचणीसाठी केलेला नग. भंगारात जायचा होता, आमचा शिफ्टचा मुख्य डेक्लन, त्याला विचारून घरी आणला. आतून इतकी गुळगुळीत की उदबत्तीचा निखारा तिच्यात खोलवर दिसतो. माझ्या हाताला जे काही येतं ते त्या नळीत आहे, म्हणून देवापाशी ठेवली होती.

हे काय आहे, तिने विचारलं. मी सांगितलं. खोटं का बोलू? मलाही मागच्याच आठवड्यात कळलं. कँटीनमध्ये डेक्लनने चहा ढवळता ढवळता सांगितलं — बॉम्बच्या शेपटीत बसते ही, पडता पडता त्याला वळवायला. पूर्वी अशाच नळ्या आम्ही हॉस्पिटलच्या पंपांसाठी करायचो. मग कंपनी अमेरिकनांनी घेतली, ड्रॉइंग बदललं. मशीन तेच. मीही तोच.

यामिनीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या इंग्रजीत. म्हणाली, "बाबा, तू देवासमोर बॉम्बचा तुकडा ठेवलायस." आवाज चढवला नाही. छत्रीही न घेता बस पकडायला गेली.

१५ सप्टेंबर

नळी काढून कपाटात ठेवली. उदबत्ती बटाट्यात खोचली. देवाला काही फरक पडला नसावा. मला पडला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

यामिनीचा निरोप आला, तिच्या आईच्या फोनवर. मी त्या मशीनवर आहे तोवर ती घरी येणार नाही. दिवाळीलाही नाही.

सुलेखा नुकतीच वॉर्डातून आली होती. दिवसभर उभी राहिलेली बाई, बूटही काढले नव्हते. तशीच खुर्चीत बसून म्हणाली, "अहो, ती तुमच्यावर रागावलेली नाही. ज्यांच्यावर रागवायचंय ते तिच्या हाताला लागत नाहीत. तुम्ही लागता." मग बूट काढले आणि भात लावायला उठली.

सोडू का नोकरी? दिवसभर तेवढंच डोक्यात. पन्नाशीला आलो. गावच्या शाळेत दहावी, मग आयटीआय, मग भोसरी. येतं काय, तर लोखंड घासून मायक्रॉनवर आणता येतं. सुलेखाला इथे नर्सची नोकरी लागली, तिच्यामागून आलो. इंग्रजी धड नाही, गाडी डाव्या बाजूने चालवायची एवढंच ओळखीचं. पण मशीनसमोर उभं केलं तेव्हा तासाभरात सगळे गोळा झाले बघायला. त्या एका कलेवर या देशात माणूस म्हणून उभा राहिलो. आणि आता तीच कला!

२३ सप्टेंबर

स्लायगोला एक लहान कारखाना आहे, दूध काढायच्या यंत्रांचे भाग करतो. फोन केला. बाई गोड बोलल्या. जागा आहे म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस हवाच आहे. अर्ज मात्र नव्या मालकांच्या साइटवर भरायचा. नवे मालक कोण? टेक्ससचे. आता दुधाबरोबर इतरही मोठी कामं येणार आहेत — बाई आनंदाने सांगत होत्या. मी आभार मानले.

कॉर्कला जावं का, असं प्रसन्नला विचारलं. प्रसन्न म्हणजे आमच्याच कारखान्यातला तपासणीचा इंजिनिअर, नागपूरचा, मला काका म्हणतो. तो म्हणाला, "काका, या देशात त्यांचं नसलेलं काम पाहिजे असेल तर मेंढ्या राखा. आणि लोकर कोण घेतं ते आधी विचारून घ्या."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कँटीनच्या खिडकीतून धावपट्टीचं एक टोक दिसतं. आज एक पांढरं विमान उभं होतं, साधं प्रवासी असतं तसंच. डेक्लन म्हणाला, आत सगळे सैनिक. त्याला विमान बघूनच कळतं.

मी त्यांना जवळून एकदाच पाहिलंय. सुलेखाच्या बहिणीला आणायला विमानतळावर गेलो होतो तेव्हा. वाळूच्या रंगाचे कपडे, दुकानासमोर रांगेत. चॉकलेटं, लोकरीची खेळण्यातली मेंढी, दात घासायचा ब्रश असलं घेत होते. गालावर पुटकुळ्या असलेला एक जण बाजूला सरकून मला वाट देत "सर" म्हणाला. या देशात मला सर म्हणणारा तो पहिला. त्याच्याबद्दल मनात वाईट आणायचा मी प्रयत्न केला. आलं नाही.

शाळेत राज्य म्हणजे काय शिकलो? किल्ला, झेंडा, सारा वसूल करणारा साहेब. इथे झेंडा इथल्या लोकांचाच आहे. साहेब नाही, छावणी नाही. आमच्या शेजारची नोरा ऐंशीच्या पुढची आहे, ती कुंपणावरून म्हणते, "इंग्रज निदान दिसायचे तरी. हे फक्त तेल भरायला थांबतात." आणि डेक्लन — त्याच्या वडिलांनी ही सगळी दलदल बुजवायला मजुरी केली, तिच्यावर मग कारखान्यांची वसाहत उठली, विमानतळ वाढला, पोरं शिकली. तो म्हणतो, "अमेरिकेने कूस बदलली की आमच्या अंगावरचं पांघरूण जातं. म्हणून झोपेतसुद्धा आम्ही त्यांच्याच बाजूला सरकतो." स्वतःच हसला. मग ताट उचलून गेला.

मला वाटतं, आता राज्य करायला कोणी यावं लागत नाही. आपणच सकाळी वेळेवर जातो.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

यंदा पूजा करायची नाही असं ठरवलं होतं. केली.

माझ्या वडिलांचा, बापूंचा, लोहाराचा धंदा. नवमीला ऐरण, घण, भाता पुसून मांडायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आमच्या गावात तलवार कोणाकडे नव्हती. शस्त्र म्हणजे विळा, खुरपं, कुऱ्हाड. मी पहिला विळा केला त्या वर्षी बापूंनी तो ऐरणीशेजारी मांडला होता. धार लावायला कोणी आलं की विचारायचे, काय कापायचंय? ऊस असेल तर धार वेगळी, कडबा असेल तर वेगळी. धंद्यातला साधा प्रश्न. मला इथे कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. ड्रॉइंग येतं. माप येतं. बस.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मशीन पुसलं. पॅनेलच्या कडेला कुंकवाचं बोट, हळदीचं बोट. झेंडू इथे मिळत नाही, सुपरमार्केटातली शेवंती वाहिली. दरवर्षीचंच आहे. डेक्लन दरवर्षी टोपी काढून बाजूला उभा राहतो. चर्चला जाणारा माणूस, त्याला हे पटतं.

हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. मशीन नीट चालू दे म्हणू? बंद पडू दे म्हणू? हत्यार आणि शस्त्र आजवर एकाच पाटावर मांडत आलो. कधी प्रश्न पडला नव्हता.

मग बेल झाली. हातमोजे घातले आणि कामाला लागलो.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटायला आपटा नाही. यामिनीला फोनवर शुभेच्छा पाठवल्या. तिने आपट्याच्या पानाचं चित्र उलट पाठवलं. शब्द एकही नाही. पण पान पाठवलं.

१० ऑक्टोबर

संकष्टी. चंद्र ढगात. वेळ बघून उपास सोडला. असेलच वर.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लॉट अडकला. खंडेनवमीचा.

अमेरिकेत ग्राहकाकडे पेटी उघडली, तर काही नळ्यांच्या खाचेत लालसर भुकटी. मीटिंगमध्ये भिंतीवर फोटो मोठा करून दाखवला. कोणी म्हणालं गंज, कोणी म्हणालं रंग. गंज नव्हे तो. तो लाल मी जन्मल्यापासून ओळखतो — आईच्या कपाळावर होता.

नळ्या धुऊन आल्या की शेवटची तपासणी मी हाताने करतो. हातमोज्याच्या शिवणीत राहिलं असणार. पूजा करून हात धुतले होते, तरी राहिलं.

कारण सापडेपर्यंत लॉट थांबवला आणि लाइनही. माझं मशीन बंद. छतावर पाऊस वाजत होता. तो या हॉलमध्ये ऐकू येतो हे मला माहीतच नव्हतं.

त्या लॉटवर प्रसन्नची सही आहे. त्याचं इथे काम करायचं परमिट या कंपनीच्या नावावर. आज त्याने एकही विनोद केला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं.

प्रसन्नसाठी सांगितलं, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. हॉस्पिटलच्या पंपांच्या वेळी एकदा एका नळीत केसाचा तुकडा सापडला होता, तर सगळाच्या सगळा लॉट चिरडून टाकला होता. हाही चिरडतील असं वाटलं. एवढ्या नळ्या तरी जाणार नाहीत. पूजेत चूक माझ्याकडून झाली की करवून घेतली? हा विचार अहंकाराचा आहे, कळतं मला. तरी आला.

डेक्लनने कपाळाला हात लावला. "कोणाला कळलंही नसतं. कशाला बोललास?" मला माहीत होतं म्हणून, म्हणालो. नोकरी जाईल, म्हणाला. जाऊ दे, म्हणालो — आणि म्हणताना पाठीवरचं पोतं कोणी उतरवून घ्यावं तसं वाटलं.

यामिनीला फोन केला. सगळं सांगितलं, लॉट चिरडतील हेही. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग हसू. कुंकवाने लाइन बंद पाडलीस, म्हणाली, आमच्या फलकांनी इतक्या वर्षांत एक विमान थांबलं नाही. आणि मग मराठीत म्हणाली — मराठीत! — "बाबा, मी येते दिवाळीला."

१५ ऑक्टोबर

सुलेखाने चिवड्याचे पोहे हीटरवर वाळत घातलेत. घरभर वास. मधेच गुणगुणते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

निर्णय आला.

पडद्यावर ओहायोचा कर्टिस, ग्राहकाचा गुणवत्ता-प्रमुख. मला समोर बसवलं. कागद हलवत ओरडेल असं वाटलं होतं. त्याने सणाबद्दल विचारलं. सावकाश, मान हलवत ऐकून घेतलं. त्याच्या आजोबांची शेती होती. दर वसंतात पाद्री येऊन ट्रॅक्टरवर पाणी शिंपडून जायचा, म्हणाला. इथे इतकी वर्षं झाली, माझी खंडेनवमी इतकं मन लावून कोणी ऐकली नव्हती.

मग म्हणाला, भुकटी तपासली, कामाला बाधा नाही. आहे तसाच लॉट घेतो. परत धुवायचीही गरज नाही, वेळ जाईल, आणि मागणी फार आहे. शेवटी हसून म्हणाला, "आशीर्वाद फुकट मिळत असेल तर आम्ही कशाला नाही म्हणू?" सगळे हसले. डेक्लनने माझ्या पाठीवर थाप मारली — "ग्रँड!"

मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं. बापूंचाच प्रश्न, माझ्या मोडक्या इंग्रजीत. हे कुठे वापरणार? कर्टिसला राग आला नाही. "ते मलाही सांगत नाहीत," म्हणाला. खरं बोलत होता. त्याच्या वरच्यालाही सांगत नसतील. वर कुठेतरी कोणीतरी असेल ज्याला माहीत असेल काय कापायचंय. की तिथेही नुसतं ड्रॉइंगच येतं?

रुग्णाच्या पंपात केसाचा तुकडा चालत नव्हता. याला कुंकू चालतं. ज्याला शेवटी फुटायचंच आहे त्याला कसली शुद्धता.

म्हणजे ते तसंच जाणार, खाचेत बसून. आईच्या कपाळावरचं. कोणाच्या तरी छपरावर — पुढे लिहवत नाही.

जिन्यात प्रसन्न भेटला. सुटला बिचारा, चेहऱ्यावर रंग आला होता. "काका, देवालाही सप्लायर नंबर मिळाला की!" मी हसलो नाही, तेव्हा त्याने मान खाली घातली.

दुपारी मशीन चालू केलं. पाऊस ऐकू येईनासा झाला.

यामिनीला सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसातली बाई आली. नव्या मालकांना माझी गोष्ट फार आवडली म्हणे, कंपनीच्या नेटवरच्या पानावर घालायची आहे, फोटो हवा. पूजा पुन्हा मांडा. नवमी होऊन गेली, मी म्हणालो. कोणाला कळणार आहे, ती म्हणाली — वाईट मनाने नाही, समजूत काढल्यासारखं. पुढच्या वर्षी सगळ्या हॉलमध्ये करू, म्हणाली, प्रत्येक मशीनवर.

आणि झेंडू आणला होता. खरा, केशरी, पेटी भरून. हॉलंडहून मागवला. मी इतकी वर्षं शेवंतीवर भागवत होतो. त्यांनी मनात आणलं आणि दोन दिवसांत झेंडू हजर.

नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. माझ्याभोवती सगळे गोळा झाले, डेक्लन टोपी हातात घेऊन उभा, कोणी टाळ्या वाजवल्या. मी मशीनला कुंकू लावलं, हात जोडले. चेहरा मात्र दगडासारखा ठेवला. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

यामिनी आली! दारातच आईला मिठी, मग मला. केस कापून घेतलेत. देवाला नमस्कार केला, बटाट्यातली उदबत्ती बघून हसली. पणत्या तिनेच लावल्या. वाऱ्याने विझायच्या, परत लावायची. जेवायला दोनदा आमटी घेतली. मी बघत होतो.

गेटवरच्या माणसांना माझी गोष्ट सांगितली म्हणाली. एक म्हातारे शिक्षक आहेत, इतक्या वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही. ते ऐकून रडले. त्यांना मला भेटायचंय. पुढच्या वेळी ये ना बाबा, फलक धरू नकोस, नुसता उभा राहा.

मग विचारलं, लॉट चिरडला का? तू बघितलास चिरडताना?

सुलेखाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ती कोपऱ्यातली पणती गेली बघ, तेल घाल. ती उठून गेली.

भांडी घासताना सुलेखा हळूच म्हणाली, "अहो, तिला दुसरीकडून कळायच्या आत सांगा." उद्या सांगतो, म्हणालो. एक दिवस जाऊ दे.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सांगायच्या आधीच तिच्या फोनवर फोटो आला, मैत्रिणीकडून. खाली कंपनीने लिहिलंय की आमचा प्रत्येक भाग आशीर्वाद घेऊन जगभर जातो. ती ओरडली नाही. फोन माझ्यासमोर धरून एवढंच म्हणाली, "बाबा, खूश दिसतोयस."

चष्मा लावून बघितलं. खरंच. हसतोय मी — बापूंनी माझा पहिला विळा ऐरणीशेजारी मांडला होता, तेव्हासारखा.